एका फाइलीचीं दोन नांवें

परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें तेव्हां त्याचें नांव मराठवाडा कृषि विद्यापीठ असें होतें. २०१३ सालीं त्याला वसंतराव नाईक यांचें नांव देण्यांत आलें. इमारती त्याच राहिल्या, शेतें तींच राहिलीं, ज्वारी-कापसावरील संशोधनहि पुढें चालू राहिलें. बदललें तें केवळ नांव. आतां एखाद्या कचेरींतील कारकुनाची कल्पना करावी. त्याच्यापुढें एक मोठी खातेवही आहे, आणि त्याला सक्त ताकीद अशी, कीं पत्रावरील नांव पाहावें, तें वहींत आहे किंवा नाहीं एवढेंच तपासावें. असल्यास जुनें खातें पुढें चालवावें, नसल्यास नवें उघडावें. अशा कारकुनाकडे एक पत्र जुन्या नांवाचें व दुसरें नव्या नांवाचें आलें, तर तो एकाच संस्थेचीं दोन खातीं उघडील, आणि त्यानें आज्ञा मोडली असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. एका खात्यांत जमा झालेली रक्कम दुसऱ्यांत दिसणार नाहीं. प्रत्येक खात्याची बेरीज बिनचूक असेल, आणि तरीहि एकंदर हिशेब चुकलेला असेल.

संगणकाच्या पायथन या भाषेंत नेमका असाच एक कारकून बसलेला आहे. गिदो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञानें ॲमस्टरडॅम येथील एका संशोधनसंस्थेंत असतांना १९८९ च्या अखेरीस ही भाषा रचावयास घेतली आणि १९९१ सालीं ती प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या नांवाचा अजगराशीं संबंध नाहीं. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या कार्यक्रमावरून तें घेतलेलें आहे. वाचावयास सुबोध आणि लिहावयास आटोपशीर असल्यामुळें ही भाषा आज शाळा-महाविद्यालयांतून शिकविली जाते, आणि पुष्कळ वेबसर्व्हरांचा कारभार तिच्यावर चालतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील फॉसी प्रकल्पानें संगणकावरून परीक्षा घेण्याकरितां ‘यक्ष’ नांवाची व्यवस्था तयार केली, तीहि पायथनमध्येंच, जँगो या चौकटीवर उभारलेली आहे. तेव्हां ज्या घरांतील मुलगा अगर मुलगी या व्यवसायांत आहे, त्या घरांत ‘मॉड्यूल दोनदां इंपोर्ट झालें’ ही तक्रार कधीं ना कधीं कानांवर पडण्याचा संभव आहे. ती तक्रार काय असते, ती कोठून उद्भवते आणि तिचा परिहार कसा करावा, हें समजून घेण्यास गणिताची गरज नाहीं; नांव आणि वस्तु यांतील भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुरे.

प्रथम वेबसर्व्हर म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. कोणी भ्रमणध्वनीवर एखादें पान उघडलें, कीं ती मागणी दूरच्या एका संगणकाकडे जाते; तेथें चालू असलेली एक आज्ञावली ती मागणी वाचते, उत्तर तयार करते आणि परत पाठविते. ही आज्ञावली म्हणजेच सर्व्हर. वेबच्या आरंभीच्या काळांत अशी पद्धत रूढ होती, कीं प्रत्येक मागणीगणिक आज्ञावली नव्यानें सुरू व्हावयाची, उत्तर देऊन संपावयाची, आणि तिची स्मृतीहि तिच्याबरोबर पुसली जावयाची. पुढें ती पद्धत मंद ठरली. आतां आज्ञावली एकदां सुरू झाली, कीं दिवसेंदिवस, कधीं महिनेच्या महिने, चालूच राहते, आणि हजारों माणसांच्या मागण्या ती एकाच स्मृतींतून भागविते. म्हणूनच आरंभीं त्या स्मृतींत काय भरलें गेलें, आणि तें एकदां भरलें कीं दोनदां, या प्रश्नाला एवढें महत्त्व आलें आहे.

मोठी आज्ञावली कोणी एका फाइलींत लिहीत नाहीं. हिशेब एका फाइलींत, पत्रव्यवहार दुसऱ्या फाइलींत, नोंदणी तिसऱ्या फाइलींत, अशी वांटणी केलेली असते. यांपैकीं प्रत्येक फाइलीस मॉड्यूल असें म्हणतात, आणि एका मॉड्यूलास दुसऱ्याची गरज पडली म्हणजे तें ‘इंपोर्ट’ या शब्दानें त्यास बोलावून घेतें. ही आज्ञा आली, कीं पायथन काय करतो? तो प्रथम आपली खातेवही उघडतो. या वहीला त्या भाषेंत ‘सिस-मॉड्यूल्स’ असें नांव आहे. मागितलेलें नांव तींत सांपडलें, तर तेथें ठेवलेलें तयार मॉड्यूल तो उचलून देतो आणि काम संपतें. तें सांपडलें नाहीं, तर ज्या ज्या फोल्डरांत शोध घ्यावयाचा त्यांची एक यादी त्याच्यापाशीं असते, तिच्या क्रमानें तो फाईल शोधतो. फाईल मिळाली, कीं एक कोरें मॉड्यूल निर्माण करून त्याची नोंद तो आधीं वहींत करतो, आणि मग त्या फाइलींतील ओळी वरपासून खालपर्यंत एकेक अमलांत आणतो.

या व्यवहारांतील दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, कीं इंपोर्ट म्हणजे नुसतें वाचणें नव्हे. तें प्रत्यक्ष कृति करणें होय. फाइलींत ‘डेटाबेसशीं संबंध जोड’ अशी ओळ मोकळी लिहिलेली असेल, तर इंपोर्ट होतांक्षणींच तो संबंध जोडला जातो. दुसरी गोष्ट अशी, कीं हें सर्व फक्त पहिल्या वेळीं घडतें. त्यानंतर पन्नास मॉड्यूलांनीं तेंच नांव उच्चारून तेंच मॉड्यूल मागितलें, तरी पन्नास वेळां वही उघडून तीच वस्तु दिली जाते.

नव्यानें ही भाषा शिकणाऱ्यांचा एक मोठा भ्रम यामुळें दूर व्हावा. ‘दहा फाइलींत एकच मॉड्यूल इंपोर्ट केलें, तर तें दहा वेळां स्मृतींत भरलें जाईल, सबब एकाच ठिकाणीं इंपोर्ट करून बाकीच्यांना तेथून पुरवावें’ असें त्यांना वाटतें. ही काटकसर अनाठायीं आहे. ज्या फाइलीस जें मॉड्यूल लागतें तें तिनें स्वतः उघडपणें मागावें, हीच चांगली रीत होय; कारण मग ती फाईल वाचणाऱ्यास कोणाचें कोणावांचून अडतें हें तत्काळ कळतें. एकाच फाइलींत तीच ओळ दोनदां लिहिली गेली, तर तो अव्यवस्थितपणा खरा, परंतु त्यानें अनर्थ होत नाहीं. आज्ञावली तपासणारीं साधनें अशा ओळींवर बोट ठेवतात. ती खोडून टाकली, कीं झालें.

मग अनर्थ होतो तो कोठें? तो त्या वहीच्या एका मर्यादेंत आहे. वहींतील खातीं नांवांवर आहेत, फाइलींवर नाहींत. एकच फाईल दोन नांवांनीं मागितली गेली, तर पायथनच्या दृष्टीनें तीं दोन मॉड्यूलें होत. फाईल दोनदां अमलांत येते, आणि तींतील प्रत्येक वस्तूच्या दोन स्वतंत्र प्रती एकाच स्मृतींत नांदूं लागतात. त्या प्रतींना एकमेकींचा पत्ता नसतो.

हें प्रत्यक्ष कसें घडतें, तें एका काल्पनिक उदाहरणानें स्पष्ट होईल. पायथनच्या २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून मॉड्यूलांस देवनागरी नांवेंहि देतां येतात. तेव्हां उदाहरणांत मराठीच नांवें घेण्यास हरकत नाहीं. समजा, परभणी जिल्ह्यांतील एका खरेदीकेंद्रासाठीं एक लहानसा वेबसर्व्हर तयार करावयाचा आहे. सोयाबीनच्या हंगामांत शेतकऱ्यांनीं उगीच रांगेंत ताटकळूं नये, म्हणून प्रत्येकास आधींच क्रमांक द्यावयाचा, आणि त्या क्रमानें माल मोजून घ्यावयाचा. ज्यांच्याजवळ भ्रमणध्वनी आहे त्यांनीं घरूनच क्रमांक घ्यावा; ज्यांच्याजवळ नाहीं त्यांनीं केंद्रावर यावें व तेथील कारकुनानें संगणकावर क्रमांक काढून द्यावा. आज्ञावली लिहिणाऱ्यानें ‘खरेदी’ या फोल्डरांत तीन फाइली केल्या. ‘क्रमांक’ या फाइलींत पुढचा आंकडा कोणता, एवढेंच ठेवलें. ‘भ्रमणध्वनी’ या फाइलींत घरून येणाऱ्या मागण्यांची, आणि ‘कार्यालय’ या फाइलींत केंद्रावरील मागण्यांची व्यवस्था केली. योजना निर्दोष आहे.

परंतु ‘भ्रमणध्वनी’ फाइलींत लिहिणाऱ्यानें नुसतें ‘क्रमांक’ इंपोर्ट करा असें लिहिलें, आणि ‘कार्यालय’ फाइलींत, जी कदाचित् दुसऱ्या दिवशीं किंवा दुसऱ्या माणसानें लिहिली असेल, ‘खरेदी-टिंब-क्रमांक’ असें पूर्ण नांव घातलें. वस्तुतः यांपैकीं एकच नांव चालावयास हवें होतें. पण आज्ञावली ‘खरेदी’ फोल्डरांतील फाईल चालवून सुरू केली जात असल्यामुळें तें फोल्डर शोधाच्या यादींत आपोआप आलें. आणि पूर्ण नांव चालेना, तेव्हां कोणीतरी त्याच्या वरचें फोल्डरहि यादींत घातलें. आतां दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या. कोठेंहि चूक दाखविली जात नाहीं. सर्व्हर सुरू होतो, पानें उघडतात, क्रमांक मिळतात. मात्र क्रमांकांचे दोन गणक झालेले असतात, आणि दोघांनींहि एकापासून मोजणी सुरू केलेली असते.

परिणाम काय होतो तो पाहावा. जिंतूरचा एक शेतकरी घरून क्रमांक घेतो. त्यास एकेचाळीस मिळतो. त्याच दिवशीं दुसरा एक शेतकरी केंद्रावर येऊन क्रमांक घेतो. त्यासहि एकेचाळीसच मिळतो. ठरलेल्या दिवशीं पहाटे पहिला ट्रॅक्टर भरून सुमारें चाळीस किलोमीटर चालत येतो, आणि त्याच्या क्रमांकावर दुसऱ्याचा माल आधींच मोजला गेलेला असतो. दोघांच्याहि हातांतील चिठ्ठी खरी. दोघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नाहीं. तंटा मात्र माणसांमाणसांत होतो, आणि संशय बिचाऱ्या कारकुनावर येतो. संगणकावर लिहिलेल्या एका शब्दाच्या उणिवेंतून एका कुटुंबाचा दिवस, भाडें आणि विश्वास हीं तिन्ही जातात. म्हणूनच हा केवळ आज्ञावलीकारांच्या टापटिपीचा प्रश्न नव्हे.

हें दोन प्रतींचें दुखणें आणखीहि दोन रूपांनीं प्रकट होतें. समजा, ‘क्रमांक’ फाइलींत ‘नोंदणी बंद’ नांवाची एक अडचण-सूचना ठरविलेली आहे, आणि ती आली म्हणजे शेतकऱ्यास ‘उद्यां यावें’ असा नम्र निरोप द्यावा अशी तजवीज आहे. दोन प्रती झाल्यावर ‘नोंदणी बंद’ या सूचनेच्याहि दोन जाती होतात. एका प्रतीनें सूचना दिली आणि ऐकणारा दुसऱ्या प्रतीच्या सूचनेची वाट पाहत बसला, तर ती त्याच्या कानांवरून निघून जाते, आणि निरोपाच्या जागीं पानावर भलताच घोटाळा उमटतो. दोघांचें नांव एक, अक्षरें एक, फाईल एक. परंतु पायथन त्यांना एक मानीत नाहीं. आज्ञावलीकार अशा वेळीं तासन् तास ‘हे दोन्ही तेच तर आहेत!’ असें म्हणत ओळींकडे पाहत बसतो.

दुसरें रूप त्याहून अधिक परिचयाचें आहे. ‘नवी नोंद झाली, कीं संदेश पाठव’ अशी आज्ञा एखाद्या मॉड्यूलांत असते. मॉड्यूल दोनदां भरलें गेलें, तर ही आज्ञा दोनदां नोंदविली जाते, आणि प्रत्येक शेतकऱ्यास तोच संदेश दोनदां जातो. संदेशाच्या जागीं पैशांची भरणा असेल, तर हीच चूक किती महाग पडेल, हें सांगावयास नको. जँगो या चौकटींत अशा प्रत्येक आज्ञेला एक वेगळी ओळखखूण देण्याची सोय आहे. तीच खूण पुन्हां आली, तर दुसरी नोंद होत नाहीं. ही सोय उपयुक्त खरी, परंतु ती औषधापेक्षां पट्टीसारखी आहे. जखम कां झाली, तें पाहावयाचें राहतेंच.

ही चूक केवळ नवशिक्यांची असते असेंहि नाहीं. जँगो ही चौकट अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतल्या लॉरेन्स या गांवीं एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मास आली, आणि २००५ सालीं सर्वांस खुली झाली. तिच्या आरंभीच्या रचनेंत प्रकल्पाचें फोल्डर आणि त्याच्या वरचें फोल्डर अशीं दोन्ही शोधाच्या यादींत येत. त्यामुळें एकच मॉड्यूल प्रकल्पाच्या नांवासह आणि नांवाशिवाय अशा दोन्ही रीतींनीं मागतां येई. लोकांना ती सोयच वाटे. परंतु तिच्यापायीं दुहेरी इंपोर्टाच्या तक्रारी एवढ्या वाढल्या, कीं मार्च २०१२ मध्यें निघालेल्या १.४ या आवृत्तींत प्रकल्पाच्या फोल्डरांची मांडणीच बदलण्यांत आली: प्रकल्प चालविणारी फाईल बाहेर काढली गेली, आणि आंतील मॉड्यूलांना पूर्ण नांव एकच राहिलें. ज्या दोन वाटा होत्या त्यांपैकीं एक बुजविली, एवढाच या सुधारणेचा अर्थ. जगांतील नामांकित चौकटीला जें सुधारावें लागलें, तें परभणीच्या एखाद्या तरुणाच्या हातून घडलें तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र तें ओळखतां आलें पाहिजे.

दोन नांवें पडण्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें अधिक गुप्त आहे. जी फाईल चालवून आज्ञावली सुरू केली जाते, तिला पायथन तिच्या स्वतःच्या नांवानें ओळखीत नाहीं. तिला ‘मेन’ म्हणजे ‘प्रमुख’ असें पद दिलें जातें, आणि वहींत त्याच नांवानें खातें उघडलें जातें. गांवच्या पाटलाला जसे सर्व ‘पाटील’ म्हणून हांक मारतात आणि त्याचें पाळण्यांतलें नांव कोणाच्या तोंडीं येत नाहीं, तसाच हा प्रकार. आतां ‘आरंभ’ नांवाची फाईल चालविली, आणि दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलानें तींतील कांहीं हवें म्हणून ‘आरंभ’ इंपोर्ट करा असें म्हटलें, तर वहींत ‘आरंभ’ सांपडत नाहीं. तेथें फक्त ‘मेन’ असतें. मग ती फाईल दुसऱ्यानें अमलांत येते. फ्लास्क या दुसऱ्या प्रसिद्ध चौकटींत याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो: नवीं पानें दुसऱ्या प्रतीवर नोंदविलीं जातात, आणि मागण्या पहिल्या प्रतीकडे येतात. पान लिहिलेलें डोळ्यांपुढें दिसत असतें, आणि सर्व्हर ‘असें पान नाहीं’ म्हणून सांगत असतो.

याच्या उलट प्रकार, म्हणजे दोन वस्तूंना एकच नांव, हाहि संभवतो. महाराष्ट्रांत पूर्णा नांवाच्या दोन नद्या आहेत. एक अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून येलदरीच्या धरणांतून पुढें येते आणि पूर्णा गांवाजवळ गोदावरीस मिळते. दुसरी विदर्भांतून वाहत जाऊन तापीस मिळते. नुसतें ‘पूर्णेला पूर आला’ म्हटल्यानें बोध होत नाहीं; कोणती पूर्णा, तें सांगावें लागतें. पायथनमध्यें आपल्या फाइलीस भाषेच्या मूळ संग्रहांतील एखाद्या मॉड्यूलाचें नांव दिलें, तर शोधाच्या यादींत जें आधीं सांपडेल तें मिळतें, आणि दुसरें झांकलें जातें. दोन्ही संकटांवर उतारा एकच: पूर्ण नांव, आणि एकच नांव.

येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. फाईल दोनदां चाललेली दिसली, म्हणजे दुहेरी इंपोर्टच झालें असें नव्हे. त्याच्यासारखीं दिसणारीं दुसरींहि कारणें आहेत. फ्लास्क व जँगो या दोन्ही चौकटींत, आज्ञावली लिहीत असतांना फाइलींत बदल झाला कीं सर्व्हर आपोआप नव्यानें सुरू व्हावा, अशी सोय असते. तीसाठीं एक देखरेख करणारी प्रक्रिया आणि तिनें सुरू केलेली एक काम करणारी प्रक्रिया, अशा दोन प्रक्रिया चालतात. आणि आरंभींच्या ओळी दोन्हींत अमलांत येऊं शकतात. दर तासाला एखादें काम करणारें घड्याळ त्या ओळींत लाविलेलें असेल, तर तें दोन ठिकाणीं वाजूं लागतें. तसेंच, प्रत्यक्ष वापरांतील सर्व्हर गनिकॉर्नसारख्या साधनानें चालविला, तर तें एकाच आज्ञावलीचे चार-आठ कामगार उभे करतें. प्रत्येक कामगाराची स्मृति वेगळी, खातेवही वेगळी. म्हणून प्रत्येकानें मॉड्यूल एकेकदां भरून घ्यावें, हें अगदीं यथायोग्य होय.

मग खरें कारण ओळखावें कसें? त्याला एक साधी कसोटी आहे. ज्या फाइलीचा संशय आहे तिच्या अगदीं पहिल्या ओळींत तीन गोष्टी छापावयास सांगाव्या: मॉड्यूलास मिळालेलें नांव, फाइलीचा पूर्ण पत्ता, आणि संगणक प्रत्येक चालू प्रक्रियेस देतो तो क्रमांक. सर्व्हर सुरू करून उमटलेल्या ओळी वाचाव्या. पत्ता एक, प्रक्रिया एक, परंतु नांवें दोन, असें दिसलें, तर तें खरेंखुरें दुहेरी इंपोर्ट. नांव एक आणि प्रक्रियांचे क्रमांक निराळे, असें दिसलें, तर ते निरनिराळे कामगार किंवा देखरेखीची व्यवस्था. नांवहि एक आणि प्रक्रियाहि एक, तरी ओळ दोनदां उमटली, तर कोणीतरी मॉड्यूल मुद्दाम पुन्हां भरावयास लाविलेलें आहे, असें बहुधा निघतें. वैद्यानें नाडी पाहिल्यावांचून मात्रा देऊं नये, तसेंच ही कसोटी लाविल्यावांचून आज्ञावलींत फेरफार करूं नये.

निदान झाल्यावर उपचार कठीण नाहींत. पहिला नियम असा, कीं सगळ्या प्रकल्पाचें मूळ फोल्डर एकच ठरवावें, आणि प्रत्येक मॉड्यूलाचा उल्लेख त्या मुळापासूनच्या पूर्ण नांवानें सर्वत्र करावा. कोठें आंखूड नांव आणि कोठें लांब नांव असा मिश्रव्यवहार करूं नये. दुसरा नियम, शोधाच्या यादींत हातानें फोल्डरें घालूं नयेत. एखादें इंपोर्ट चालत नाहीं म्हणून नवी वाट उघडून देणें, म्हणजे किल्ली हरवली म्हणून भिंत फोडण्यासारखें आहे. दाराचा उपयोग मग कोणीच करीत नाहीं. आज्ञावली मूळ फोल्डरांत उभें राहून तिच्या पूर्ण नांवानें चालविण्याची सोय पायथनमध्येंच आहे, ती वापरावी.

तिसरा नियम, प्रमुख फाईल अगदीं लहान ठेवावी. तिनें इतरांना बोलवावें, परंतु इतरांनीं तिला बोलाविण्याचा प्रसंग येऊं नये. दोन मॉड्यूलांना समाईक लागणारी वस्तु त्या दोघांपैकीं एकांत न ठेवतां तिसऱ्या स्वतंत्र मॉड्यूलांत ठेवावी. दोन मॉड्यूलें एकमेकांस बोलावूं लागलीं, कीं एक अर्धवट भरलेलें असतांनाच दुसऱ्याच्या हातीं पडतें, ही जी दुसरी व्याधि आहे, तीहि याच पथ्यानें टळते. चौथा नियम, मॉड्यूलाच्या मोकळ्या ओळींत केवळ व्याख्या असाव्या, कृति नसावी. डेटाबेसशीं संबंध जोडणें, घड्याळ लावणें, संदेश पाठविणें, हीं कामें एखाद्या नांव दिलेल्या फंक्शनांत ठेवावीं, आणि तें फंक्शन प्रमुख फाइलीनें योग्य वेळीं एकदांच चालवावें. मग फाईल चुकून दोनदां वाचली गेली, तरी नुकसान फारसें होत नाहीं.

पांचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. वरील उदाहरणांतील क्रमांकांचा घोटाळा दुहेरी इंपोर्ट काढून टाकल्यानें त्या दिवसापुरता मिटेल. परंतु उद्यां गर्दी वाढली आणि सर्व्हराचे चार कामगार झाले, म्हणजे तोच घोटाळा चार पटींनीं परत येईल, कारण प्रत्येक कामगार आपल्यापुरता गणक चालवूं लागेल. सर्व्हर बंद पडून पुन्हां सुरू झाला, तर मोजणी पुन्हां एकापासून होईल, तें वेगळेंच. तेव्हां ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा हक्क अवलंबून आहे, मग ती रांगेंतील क्रमांक असो, खात्यांतील रक्कम असो, कीं परीक्षेंतील गुण असोत, ती मॉड्यूलाच्या स्मृतींत ठेवूंच नये. ती डेटाबेसमध्यें ठेवावी, आणि एक क्रमांक दोघांस देतां येणार नाहीं असा निर्बंध तेथेंच घालावा. मग आज्ञावलींत कितीहि प्रती झाल्या, तरी दुसऱ्यास एकेचाळीस देण्याचा प्रयत्न डेटाबेसच्या दारांत अडविला जाईल, आणि चूक शेतकऱ्याच्या दारीं जाण्याऐवजीं ती लिहिणाऱ्याच्या टेबलावर येईल.

या सर्व विवेचनाचा मथितार्थ थोडक्यांत सांगतां येईल. एकच मॉड्यूल अनेकदां मागण्यांत दोष नाहीं. तें अनेक नांवांनीं मागण्यांत दोष आहे. पायथनचा कारकून प्रामाणिक आहे, पण तो नांवापलीकडे पाहत नाहीं. म्हणून नांवाची शिस्त त्याच्याशीं व्यवहार करणाऱ्यांनींच पाळली पाहिजे. आणि जें स्मृतींत राहून भागण्यासारखें नाहीं, तें पक्क्या वहींत लिहिलें पाहिजे. जमीन, वारसा आणि देणें-घेणें यांच्या कागदांत एका माणसाचीं दोन नांवें पडल्यानें काय होतें, हें मराठी घरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. संगणक आल्यानें तें शहाणपण जुनें झालें नाहीं. त्याला एक नवें क्षेत्र मिळालें, इतकेंच.